पंख्याखालचं टेबल

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता दादाने शेडच्या मोठ्या दारात उभं राहून तोडणीच्या टोळीला हाकललं. हाकललं म्हणजे लगेच त्या क्षणी नाही. शनिवारपर्यंतची मुदत दिली. शनिवारी शेवटचे क्रेट उतरवायचे, मागच्या खोल्या रिकाम्या करायच्या आणि वाट धरायची. बोलताना त्याने आवाज मुद्दाम चढवला होता. संत्री धुण्याच्या यंत्राचा खडखडाट चालू असूनही आत प्रतवारीला बसलेल्या बायकांना शब्द न् शब्द ऐकू गेला.

"शंभरातली अठरा फळं सडली," तो म्हणाला. "एका खेपेत नाही, लागोपाठ तीन खेपांत. तुम्ही फळं तोडत नाही, ओरबाडता. जखमा तुम्ही करता आणि मान आमची खाली जाते."

टोळीत बावीस जण होते. त्यांची मुकादम पन्नाशीची, हडकुळी, कमी बोलणारी बाई होती. तिला सगळे कात्रीबाई म्हणत. रोज सकाळी झाडाला शिडी लावायच्या आधी ती प्रत्येकाची कात्री मागून घ्यायची, पातं स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर फिरवून बघायची, मग समोरच्याची नखं बघायची. नखं वाढलेली दिसली तर त्या माणसाला दिवसभर क्रेट वाहायला लावायची, झाडाला हात लावू द्यायची नाही. तिच्या टोळीतले लोक म्हणत, लग्नाला मुलगी बघायला आल्यासारखी ही बाई रोज हात बघते.

दादाचं बोलणं संपल्यावर कात्रीबाईने एवढंच विचारलं, "हे ठरवलं कुणी, मालक?"

दादाने हातातला कागद वर धरला. "हे बघा. तपासणीचा कागद आहे. अठरा फळं, अठरा जखमा. खाली सही आहे."

सही धाकटीची होती.

धाकटी म्हणजे दादाची बहीण. त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. विज्ञान शिकून आली आणि घरच्याच पॅकिंग शेडमध्ये तपासनीस झाली. पूर्वी शिड्या ठेवायच्या त्या खोलीला तिने पांढरा रंग दिला, एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि एक छोटा फ्रिज आणला, आणि त्या खोलीला प्रयोगशाळा म्हणायला सगळ्यांना भाग पाडलं. त्या क्षणी ती वजनकाट्याशी उभी होती. दुरून तिला स्वतःची सही ओळखू आली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण कागदावर खोटं काहीच नव्हतं. संत्र्यावर जी हिरवी बुरशी येते तिला धडधाकट सालीतून आत शिरता येत नाही. तिला आत जायला वाट हवी असते. काट्याचं टोक, क्रेटच्या कडेचा ओरखडा, देठाशी असलेली हिरवी टोपी उपटली गेली तर तिथलं उघडं भोक, काहीही चालतं. म्हणून सडलेलं प्रत्येक फळ कापल्यावर धाकटीला जखम सापडायची, आणि ती कारणाच्या रकान्यात 'जखम' लिहायची. चोरी झालेल्या प्रत्येक घराला दार होतं, असं लिहिण्यासारखं होतं ते. चोर कुठून आला हे तिने कधी लिहिलंच नव्हतं. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं.

ती दादाच्या मागोमाग कार्यालयात गेली आणि दार लावून घेतलं.

दादाचं म्हणणं सरळ होतं. खरेदीदाराने विचारलंय की सडण्यावर तुम्ही काय केलंत. त्याला उत्तर हवंय, आणि उत्तर दिसणारं हवंय. बुरशीवरच्या औषधाची मात्रा वाढवली हे त्याला मागच्या दोन्ही वेळा सांगून झालं होतं. आता टोळी बदलली हे सांगता येईल. धाकटी म्हणाली की हे उत्तर नाही, हा बळी आहे. दादाने चष्मा काढून पुसला. चष्मा पुसायला लागला की तो ऐकत नसतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"आणि एक सांगतो," तो म्हणाला, "शेजारच्या दोन्ही शेडना मी कळवलंय. पत्र गेलं सकाळी. त्यांनी तरी फसू नये."

"काय कळवलंस?"

"या टोळीचा माल जखमी असतो. तुझ्या कागदाची प्रत जोडली."

तोडणीचा हंगाम अडीच महिन्यांचा. या भागात तीनच शेड. एकीने काढलं आणि बाकी दोघींना पत्र गेलं, म्हणजे या बावीस जणांना यंदा कुणी उभं करणार नव्हतं, आणि पुढच्या वर्षीही त्यांच्या पाठीमागे हेच नाव लागणार होतं. कात्रीबाईने वीस वर्षं नखं बघून जे कमावलं होतं, ते एका रकान्याने घालवलं होतं.

"ते पत्र मागे घे."

"तूच लिहिलंस ना? की सही दुसऱ्या कुणाची आहे?"

"मी जखम लिहिलं. टोळी लिहिलं नाही."

"मग जखमा काय फळं स्वतःला करून घेतात?"

ती त्याच्याशी तोंड वाजवत बसली नाही. तिने शनिवारपर्यंत वेळ मागितला. दादाने दिला, कारण टोळी तोवर असणारच होती आणि त्याचं काही जात नव्हतं. पण अट घातली. "तुझ्या त्या बुरशी उगवायच्या बशा-बिशा मला दाखवू नकोस. मला फळांत दाखव. आणि फळं निवडणार मी."

त्याच दुपारी औषधवाला आला. हा महिन्यातून एकदा यायचा. गुळगुळीत दाढी, खिशाला चार पेनं. टाकीत जे बुरशीनाशक मिसळतात ते त्याच्याकडूनच यायचं. सडलेल्या फळांचा ढीग बघून तो चुकचुकला आणि मात्रा जरा कडक करा म्हणाला. धाकटीने त्याला आठवण करून दिली की त्याच्या सांगण्यावरून दोनदा कडक केली आहे आणि दोन्ही वेळा सड वाढली आहे. या बुरशीवर तुमचं औषध अजून चालतं का, याची तपासणी कधी केलीत, असंही विचारलं. तो हसून म्हणाला, "ताई, बुरशी ती बुरशी. तिला काय अक्कल असते?"

"अक्कल लागत नाही," धाकटी म्हणाली. "मरायची राहिली की पुरे."

मंगळवारी पहाटेच ती बागेत गेली. सोबत उकळत्या पाण्याने धुतलेले चार नवे क्रेट होते. कात्रीबाईच्या माणसांनी तिच्या डोळ्यांसमोर शंभर संत्री तोडली. दादा आला, त्याने स्वतःच्या हाताने त्यांचे पन्नास-पन्नासचे दोन ढीग केले. मग धाकटीने खिशातून बुचात खोचलेली सुई काढली. बुचाबाहेर सुईचं टोक फक्त दोन मिलिमीटर दिसत होतं, म्हणजे प्रत्येक जखम सारखी. ती एकेक फळ उचलून टोचायला लागली.

कात्रीबाई बघत होती. शेवटी तिला राहवेना. "आमच्यावर जखमांचा आळ आणि तुम्ही सुईने टोचताय?"

धाकटीने समजावलं. दोन्ही ढिगांना सारखीच जखम. एक ढीग शेडमध्ये जाणार. धुणार, औषधाच्या टाकीतून जाणार, फिरत्या ब्रशवरून, चकाकीच्या मेणातून, गरम हवेतून, सगळं होणार. दुसरा शेडचं तोंडही बघणार नाही. न धुता, न औषध लावता माझ्या घरी मागच्या खोलीत राहील. जखमच दोषी असेल तर दोन्ही ढीग सारखे सडतील. उलट औषध न लागलेला जास्तच सडेल.

"आणि तसं झालं तर?"

"तर दादा खरा."

कात्रीबाईने तिच्याकडे असं बघितलं की जणू ती एखादं वाढलेलं नखच असावी. "म्हणजे आमचं नाव तुमच्या पन्नास संत्र्यांवर टांगलंय," ती म्हणाली आणि शिडी उचलून दुसऱ्या झाडाकडे गेली.

धाकटीला राग आला. तिच्यावर नाही. ती बरोबर बोलली होती म्हणून.

दादाने नको म्हटलेल्या बशाही तिने लावल्याच. काचेच्या, झाकणाच्या, तळाशी बुरशीच्या खाद्याचा पातळ थर. अर्ध्या साध्या. अर्ध्यांच्या थरात टाकीतलंच औषध मिसळलेलं. दोन-दोन बशा घेऊन ती जागोजागी गेली, दोन मिनिटं झाकण काढलं, घड्याळ बघून परत लावलं. बागेत, तोडणीच्या क्रेटवर, टाकीशी, ब्रशशी, कोल्ड स्टोरेजच्या आत. शेवटची जागा काकांचं टेबल.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. सत्तरी ओलांडलेले, गुडघे गेलेले, पण घरी बसवत नाही म्हणून रोज येणारे. त्यांचं काम परत आलेल्या पेट्या उघडण्याचं. खरेदीदाराकडून किंवा कोल्ड स्टोरेजमधून सड लागलेल्या पेट्या परत यायच्या. काका त्या उघडत, सडलेली फळं पिंपात टाकत, चांगली फळं फडक्याने पुसत आणि पुन्हा यंत्राच्या तोंडाशी पाठवत. ही वडिलांची रीत. झाडाने दिलेलं फळ फेकायचं नाही, असं ते म्हणत, आणि ते गेल्यावरही ही रीत कुणी मोडली नाही. फक्त वडिलांच्या काळात हे काम शेडच्या मागे, उघड्यावर, एका पत्र्याखाली चालायचं. तीन वर्षांपूर्वी काकांचे गुडघे सुजले, तेव्हा दादाने टेबल आत आणलं. उशीची खुर्ची दिली. उकडू नये म्हणून मागे माणसाच्या उंचीचा पंखा लावला. दादाने म्हाताऱ्याची काय सोय केली, असं जो तो म्हणाला. खुर्चीची उशी धाकटीनेच आणली होती.

ती बशी घेऊन टेबलाशी उभी राहिली. काकांनी पेटीचं झाकण उचललं. छतात एक पारदर्शक पत्रा होता, त्यातून उन्हाचा पट्टा तिरका खाली आला होता. पेटीतून हिरवट भुकटीचा एक लोट उठला, पावडरचा डबा आपटल्यासारखा. काका खाकरले आणि फळ उचललं. पुन्हा लोट. पंख्याच्या वाऱ्याने तो उन्हाच्या पट्ट्यात ओढला गेला, लांब झाला, आणि नीट, सरळ, जणू वाट माहीत असल्यासारखा, ब्रशवरच्या ओल्या फळांवर जाऊन बसला.

तीन वर्षं ती तिथून दिवसातून दहा वेळा जात होती.

काकांनी विचारलं, काय गं, बशीत काय पकडतेस? ती म्हणाली, धूळ. काका म्हणाले, मग इथे कमी नाही हो. ते हसले. तिने झाकण लावलं, बशीवर जागा लिहिली आणि निघून गेली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तिच्याकडे आकडे नव्हते, आणि आकड्यांशिवाय बोलायचं नाही हा तिचा बाणा. हे तिने स्वतःला सांगितलेलं कारण. दुसरं कारण तिने स्वतःलाही नीट सांगितलं नाही. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी ती टेबलासमोरून खाली मान घालून गेली. काका पेट्या उघडत होते.

शुक्रवारी दुपारी तिने बशा मांडल्या आणि ठिपके मोजले. साध्या बशांत सगळीकडेच काही ना काही उगवलं होतं. बागेतल्या बशीतही पाच-सहा ठिपके होते, कारण बुरशी कुठे नसते? पण औषध घातलेल्या बशा वेगळंच सांगत होत्या. बागेची बशी स्वच्छ. तोडणीच्या क्रेटची स्वच्छ. टाकीशी दोन ठिपके. ब्रशशी चौतीस. काकांच्या टेबलाच्या बशीत मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत हिरवा गालिचा. ज्या औषधावर सगळा भरवसा होता, त्याच औषधावर ती बुरशी सुखाने नांदत होती.

आणि ते होणारच होतं. परत आलेलं प्रत्येक फळ एकदा औषधातून जाऊन आलेलं. त्यावर जी बुरशी जगली, ती औषधाला पुरून उरलेली. तीच परत शेडमध्ये आणायची, पंखा लावून ताज्या फळांवर उडवायची, पुन्हा औषध मारायचं, लेचीपेची मारून टाकायची, दणकट राखायची. मात्रा वाढवायची, म्हणजे आणखी दणकट. संत्र्यांची प्रतवारी राहिली बाजूला, तीन वर्षं या शेडमध्ये बुरशीची प्रतवारी चालली होती.

ती मोठ्याने हसली आणि मग तिने हातातलं पेन भिंतीवर फेकून मारलं.

शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत दोन्ही ढीग टेबलावर मांडले. दादा आला. मागून काठी टेकत काकाही आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण काय चाललंय ते बघायचं होतं. दादाने फळं स्वतः मोजली. घरी ठेवलेल्या, न धुतलेल्या, काहीच न लावलेल्या पन्नास फळांतली चार सडली होती. शेडमधून सगळे सोपस्कार होऊन आलेल्या पन्नासांतली एकवीस. दादाने पुन्हा मोजलं. तेव्हाही एकवीसच.

"हे कसं?" तो म्हणाला.

धाकटीने सांगितलं. जे आठवडाभर पोटात धरून ठेवलं होतं ते एका दमात बाहेर आलं. पेट्या, भुकटी, ऊन, वारा, ब्रश. जखमा टोळीच्या असोत, माझ्या सुईच्या असोत नाहीतर झाडाच्या काट्याच्या, त्या दरवर्षी तेवढ्याच होतात. वाढलीय ती बुरशी, आणि ती बागेतून येत नाही. ती इथे राहते. शेड चार दिवस बंद करायची, यंत्र खोलून जंतुनाशकाने धुवायचं, टाकी रिकामी करायची, दुसऱ्या जातीचं औषध आणायचं. परत आलेली एकही पेटी या छताखाली उघडायची नाही.

दादाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. समजलं तेव्हा तो आधी काकांकडे बघू शकला नाही, आणि मग धाकटीवर उसळला. "म्हणजे आता काकांवर ढकलतेस? ती बाई परकी, तिची बाजू घेऊन स्वतःच्या घरच्या म्हाताऱ्या माणसावर?"

"काकांवर नाही. टेबल आत कुणी आणलं? पंखा कुणी लावला?"

"त्यांच्यासाठी लावला. गुडघ्यांनी बेजार झाले होते, म्हणून लावला. तू उशी आणलीस तेव्हा कुठे गेलं होतं तुझं शास्त्र?"

"तिथेच चुकलं. माझंही. पण त्याची शिक्षा बावीस जणांना का?"

"चार दिवस शेड बंद ठेवली तर फळं झाडावर राहतील. खरेदीदाराला काय सांगू? टोळी गेली तर निदान..."

"निदान तुझा मान राहील. बोल ना पुढे."

"थांबा," काका म्हणाले.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. ते धाकटीकडे वळले, आणि त्यांचा आवाज अगदी बारीक होता. "तुला हे कधी कळलं?"

ती सडलेली फळं पुन्हा ढिगात लावायला लागली.

"तू बशी घेऊन आलीस. मंगळवारी. धूळ म्हणालीस."

"आकडे नव्हते काका. खात्री नव्हती."

"माझ्याकडे बघून सांग."

"मंगळवारी कळलं," ती म्हणाली.

"आणि मी मंगळवारपासून रोज पेट्या उघडतोय. चाळीस-चाळीस. तू समोरून जात होतीस. खाली मान घालून जात होतीस, मला वाटलं पोरीचं काही बिनसलंय. मी तुझ्या वहिनीला विचारलंसुद्धा." "एक शब्द टाकला असतास तर मी मरणार होतो का? मला काय काचेचा समजता तुम्ही दोघं?"

दादा म्हणाला, "काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमचा काही..."

"तू तर बोलूच नकोस. टेबल आत आणा म्हणून मी म्हणालो होतो? पंखा मी मागितला? वीस वर्षं मागच्या पत्र्याखाली बसलो, वारा पाठीवर घेऊन. तुझ्या बापाने टेबल तिथे का ठेवलं होतं, हे तू एकदा तरी मला विचारलंस? मलाही ठाऊक नव्हतं म्हणा. पण विचारलं असतंस तर दोघांनी मिळून डोकं तरी खाजवलं असतं. आणलीत खुर्ची, बसवलंत, झालं." त्यांना दम लागला. पण ते थांबले नाहीत. "आणि त्या बाईला तू दारात उभं करून बोललास. सगळ्या शेडला ऐकू जाईल असं. मला मात्र खोलीत, दार लावून, मनाला लावून घेऊ नका. का? तिला मन नाही?"

त्यांनी काठी घेतली आणि बाहेर गेले. थोड्या वेळाने शेडमधला पंखा बंद झाल्याचं जाणवलं. त्याचा घरघराट इतक्या सवयीचा झाला होता की तो थांबल्यावरच तो होता हे कळलं.

दादा खुर्चीत बसला. त्याने चष्मा काढला, पण पुसला नाही. मग म्हणाला, ठीक आहे, त्यांना सांग राहा म्हणून. धाकटी म्हणाली, मी नाही सांगणार. दादा म्हणाला, मग तिला इथे बोलाव. धाकटी जागची हलली नाही. दादाने एक शिवी हासडली, कुणाला ते कळलं नाही, आणि उठून बाहेर पडला.

मागच्या अंगणात टोळी सामान बांधत होती. गाठोडी, भांडी, गुंडाळलेल्या सतरंज्या. कात्र्या मात्र एका स्वच्छ फडक्यात ओळीने ठेवलेल्या होत्या. दादा कात्रीबाईपाशी गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला की जायची गरज नाही, शेड धुवायला चार दिवस बंद राहील पण तोडणी चालू राहील, थोडा गैरसमज झाला होता.

कात्रीबाईने फडक्याची गाठ मारली. "कुणाचा?"

"झाला खरा. आता मिटला."

"तुमचा मिटला असेल. दोन शेडना पत्रं गेली आहेत."

तिला पत्रांचं कसं कळलं, हे दादाने विचारलं नाही. तो म्हणाला, दुसरी पत्रं पाठवतो, आजच. कात्रीबाई म्हणाली, पाठवा. मग ती उभी राहिली. उंचीने ती दादाच्या खांद्याला लागत होती.

"सोमवारी मोठ्या दारात बोललात. सगळ्यांनी ऐकलं. आता इथे, भांड्यांपाशी, कानात सांगताय. ते नाही चालायचं. जिथे बोललात तिथे बोला, तेवढ्याच आवाजात बोला."

"हे बघ, मी मालक आहे..."

"म्हणूनच. आमच्यातल्या कुणी आळ घेतला असता तर आम्हीच बघून घेतलं असतं."

दादाच्या कानशिलावरची शीर ताठ झाली. धाकटीला वाटलं, आता हा पाठ फिरवणार आणि टोळी खरंच जाणार. त्याने पाठ फिरवलीही. पण तो मोठ्या दाराकडे चालायला लागला. बावीस जण त्याच्या मागे गेले. आत बायकांचे हात थांबले. यंत्र कुणीतरी बंद केलं. एरवी ते त्याने चालूच ठेवायला सांगितलं असतं.

"आपण सगळे इथे वर्षानुवर्षं एकत्र..." त्याने सुरुवात केली.

"ते नको," कात्रीबाई म्हणाली.

दादा म्हणाला, "सड तुमच्यामुळे नव्हती. शेडमधली होती. मी केलेल्या व्यवस्थेमुळे. तुमच्यावर घातलं ते चुकीचं होतं."

"ऐकू आलं नाही," मागून एक बाप्या म्हणाला. तो बहिरा नव्हता.

दादाने त्याच्याकडे खाऊ का गिळू असं पाहिलं. मग पुन्हा बोलला. या वेळी सोमवारच्या आवाजात. आवाज छताला लागून परत आला. बायकांच्या रांगेत बसलेले काका जमिनीकडे बघत होते. त्यांच्या टेबलावर अर्धी उघडलेली पेटी होती. तिच्यावर त्यांनी स्वतःचं उपरणं टाकून ठेवलं होतं.

आठवडाभराचा राग आता सुटेल, असं धाकटीला वाटलं. सुटला नाही. आणि कात्रीबाईही दारातून हलली नव्हती. ती आता दादाकडे बघत नव्हती.

"आता ताई," ती म्हणाली.

धाकटीला आधी कळलंच नाही. "मी? मीच तर शोधून काढलं हे."

"हो. पण मालकांच्या हातात कागद होता. कागद कुणाचा होता?"

सगळी शेड तिच्याकडे बघत होती. धाकटी दादाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. जखम म्हणजे बुरशीची वाट, वाट म्हणजे कारण नव्हे, रकान्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या, असं ती बोलायला लागली, आणि कात्रीबाईने हात वर केला.

"तेवढं शिक्षण आम्हाला नाही. साधं सांगा."

धाकटी संतापली. आणि या वेळी तो संताप दुसऱ्या कुणावर टाकायला जागा नव्हती.

"मी अर्धंच बघितलं आणि सही केली," ती म्हणाली. "आणि कळल्यावर चार दिवस गप्प बसले."

दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. रांगेतून काकांनी मान वर केली.

कात्रीबाईने फडक्याची गाठ सोडली. कात्र्या एकेक करून माणसांच्या हातात दिल्या. क्षमा वगैरे ती काही बोलली नाही. ती कामाचंच बोलली. "शेड चार दिवस बंद म्हणता. मग आज तोडलेलं कुठे ठेवायचं? इथे तर नाही ना?"

"नाही," धाकटी म्हणाली. "इथे नाही."

"मग जागा दाखवा. फळं उन्हात आहेत."